गावर स्ट्रीटचे संख्यापंडित

विद्यापीठातील आचार्यांची चरित्रे लिहिण्याचा प्रघात आपल्याकडे फारसा नाही, आणि गणितशाखेच्या आचार्यांची तर नाहीच नाही. पदवी, नेमणूक, बढती, ग्रंथसंख्या आणि निवृत्ती एवढ्या सदरांत त्यांचे आयुष्य आटोपते आणि नोकरीच्या दप्तराबाहेर लिहिण्यासारखे काही उरत नाही, असा चरित्रकारांचा समज असावा. हा समज साफ खोटा पाडणारे एक गृहस्थ लंडनच्या गावर स्ट्रीटवरील युनिव्हर्सिटी कॉलेजात १८८४ पासून १९३३ पर्यंत अध्यापन करीत होते. त्यांचे नाव कार्ल पिअर्सन. प्रमाण विचलन, सहसंबंध गुणांक, काय-वर्ग कसोटी हे शब्द ज्यांनी महाविद्यालयात परीक्षेपुरते पाठ केले आणि परीक्षेनंतर तत्परतेने विसरून टाकले, त्यांनी या गृहस्थांच्या नावाशी नकळत का होईना वर्ष-दोन वर्षे सहवास केलेला असतो. परंतु ज्या मनाने ही हत्यारे घडविली ते मन किती कुतूहलाचे, किती कष्टाळू, किती भांडखोर आणि प्रसंगी किती आंधळे होते याची वार्ता पाठ्यपुस्तकातून मिळत नाही.

पिअर्सन यांचा जन्म २७ मार्च १८५७ रोजी लंडनमध्ये एका नामांकित बॅरिस्टरच्या घरी झाला. त्यांच्या बालपणीची एक गोष्ट त्यांच्या सहकारी ज्युलिया बेल यांनी सांगून ठेवली आहे. उंच खुर्चीवर बसून अंगठा चोखणाऱ्या या मुलाला कोणीतरी दटावले, की अंगठा चोखणे थांबव, नाहीतर तो झिजून जाईल. मुलाने दोन्ही अंगठे शेजारी शेजारी धरले, बराच वेळ निरखले, आणि चोखलेला अंगठा दुसऱ्यापेक्षा लहान दिसत नाही तेव्हा वडीलधारे माणूस खोटे तर बोलत नाही ना, असा विचार त्याच्या मनात आला. थोरांच्या बालपणच्या गोष्टी बहुधा मागाहून शोभेसाठी जोडलेल्या असतात, आणि हीही तशी असेल. पण स्वभावाचे माप म्हणून ती अचूक आहे. सांगणाऱ्याच्या अधिकाराकडे न पाहता सांगितलेली गोष्ट तुलनेने पडताळावयाची, हा बाणा त्यांनी पुढे केंब्रिजमध्येही सोडला नाही. किंग्ज कॉलेजात प्रार्थनामंदिरातील सक्तीच्या हजेरीविरुद्ध त्यांनी अधिकाऱ्यांशी भांडण मांडले, सूट मिळविली, आणि सूट मिळाल्यानंतर ते प्रार्थनेला हजर राहिले. डीनने बोलावून जाब विचारला तेव्हा त्यांचे उत्तर तयार होते: आपण मागितली ती हजेरीतून सुटका नव्हे, सक्तीतून. रँग्लर परांजप्यांमुळे महाराष्ट्रास पुढे परिचित झालेल्या केंब्रिजच्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पिअर्सन १८७९ साली तिसरे आले.

यानंतरच्या पाच वर्षांत या तरुणाने काय करावयाचे बाकी ठेवले, हाच प्रश्न आहे. जर्मनीत हायडेलबर्ग आणि बर्लिन येथे राहून त्यांनी भौतिकशास्त्र, तत्त्वज्ञान आणि रोमन कायदा ऐकला. त्या देशाचे त्यांना एवढे वेड लागले की आपल्या नावाचे आद्याक्षर इंग्रजी ‘सी’ सोडून त्यांनी जर्मन पद्धतीने ‘के’ लिहावयास प्रारंभ केला. ‘लोकी’ या टोपणनावाने एक कादंबरीवजा पत्रसंग्रह लिहिला. ख्रिस्ताच्या अंतकाळावरील मध्ययुगीन जर्मन लोकनाट्यांचा त्यांनी अभ्यास केला, स्पिनोझावर आणि मार्टिन ल्यूथरवर निबंध लिहिले, कामगारांच्या मंडळांतून समाजवादावर व्याख्याने दिली. १८८१ साली वडिलांच्या इच्छेखातर बॅरिस्टरीची सनद घेतली आणि ती जवळपास तशीच पेटीत ठेवून दिली. १८८५ साली स्त्रीपुरुषसंबंधांवर मोकळेपणाने चर्चा करण्यासाठी त्यांनी लंडनमध्ये एक मंडळ स्थापन केले. व्हिक्टोरिया राणीच्या अमलातील सभ्य समाजात असे मंडळ चालविणे हे लहानसहान धाडस नव्हते. त्या मंडळाच्या चिटणीस मारिया शार्प यांच्याशीच १८९० साली त्यांचा विवाह झाला. १८९२ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे ‘द ग्रामर ऑफ सायन्स’ हे पुस्तक बर्नमधल्या पेटंट कचेरीत नोकरी करणाऱ्या तरुण आइन्स्टाइनने आपल्या मित्रमंडळीबरोबर वाचले, आणि लेनिनने १९०९ च्या आपल्या तात्त्विक ग्रंथात त्यातील मतांचा समाचार घेतला. संख्याशास्त्राच्या किती प्राध्यापकांना असे दोन वाचक लाभले असतील?

या सर्व पसाऱ्यात संख्याशास्त्र मात्र कोठेच नव्हते. सत्ताविसाव्या वर्षी गावर स्ट्रीटवर नेमणूक झाली ती उपयोजित गणित आणि यंत्रशास्त्र यांच्या आसनावर. आणि इंजिनियरिंगच्या विद्यार्थ्यांना पुलावरील भार आलेखाने कसा काढावा हे शिकविण्यात, त्याचप्रमाणे दिवंगत पंडितांचे अपुरे राहिलेले ग्रंथ पूर्ण करून छापून काढण्यात, त्यांची पहिली काही वर्षे गेली. दिशा बदलली ती एका प्राणिशास्त्रज्ञाच्या शेजारामुळे. वॉल्टर वेल्डन हे त्याच कॉलेजात १८९१ च्या सुमारास प्राध्यापक म्हणून आले. डार्विनचा नैसर्गिक निवडीचा सिद्धांत खरा असेल तर तो खेकड्यांच्या मोजमापांत दिसला पाहिजे, या श्रद्धेने ते खेकडे मोजीत असत आणि मोजलेल्या आकड्यांचे काय करावे हे न उमगल्यामुळे शेजारच्या गणितज्ञाकडे धाव घेत असत. डार्विनचे आप्त फ्रान्सिस गॉल्टन यांनी आनुवंशिकतेचा आकड्यांनी विचार करण्याची वाट दाखवून ठेवलीच होती. वेल्डन, गॉल्टन आणि पिअर्सन या त्रयीतून पुढे जे शास्त्र निघाले त्याची पहिली मोठी परीक्षा नेपल्सच्या खेकड्यांवर झाली.

तो प्रसंग तपशीलवार सांगण्यासारखा आहे. वेल्डन यांनी नेपल्सच्या उपसागरातील एक हजार खेकड्यांच्या शरीराची अनेक मापे घेतली. बहुतेक मापांचा आलेख काढला असता त्याला घंटेसारखा आकार येई, म्हणजे मध्यावर पुष्कळ खेकडे आणि दोन्ही कडांना थोडे. कपाळाच्या रुंदीचा आलेख मात्र एका अंगाला कललेला निघाला. वेल्डन यांना शंका आली, की ही एकच जात नसून दोन जातींची सरमिसळ तर नसावी? पिअर्सन यांनी १८९४ च्या आपल्या प्रबंधात हा प्रश्न गणिताच्या भाषेत मांडला. दोन घंटाकार वक्र एकमेकांवर रचले असतील तर पाच गोष्टी अज्ञात आहेत: दोहोंच्या सरासऱ्या, दोहोंचे प्रमाण विचलन, आणि हजारांत पहिल्याचा वाटा किती. सरासरीपासून प्रत्येक खेकड्याचे अंतर घेऊन त्याचे वर्ग, घन, चतुर्थ आणि पंचम घात काढावयाचे, त्यांच्या सरासऱ्या घ्यावयाच्या, आणि त्यांवरून पाच अज्ञातांचा छडा लावावयाचा. यातून निघाले ते नवव्या घाताचे समीकरण. आज संगणकाला ज्याला क्षणही लागणार नाही ते समीकरण त्या काळी कागदावर, दशांश चिन्हानंतर अनेक स्थळांपर्यंत, अंक मांडून सोडवावे लागले. एवढ्या मेहनतीने दोन वक्र वेगळे झाले; त्यांतून दोन जातींचे अस्तित्व निर्विवाद ठरले असे मात्र आज कोणी म्हणणार नाही, कारण दोन वक्र बसतात एवढ्यावरून दोन जाती आहेतच असे होत नाही. पण आकड्यांच्या ढिगातून त्यांच्यामागे लपलेल्या रचनेचा अंदाज बांधण्याची एक सर्वसाधारण रीत हाती आली.

दुसरी हकीकत ग्रेशम कॉलेजातील व्याख्यानांची. लंडन शहरात व्यापाऱ्यांच्या जुन्या देणगीतून चालणारी ही व्याख्याने सायंकाळी होत आणि कामावरून सुटलेले कारकून, कारागीर व विमा कचेऱ्यांतील नोकर ती फुकट ऐकावयास येत. १८९१ पासून पुढील तीन वर्षे पिअर्सन यांनी येथे आकडेशास्त्र शिकविले, आणि ज्याला आज आपण प्रमाण विचलन म्हणतो ती संज्ञा १८९३ मध्ये येथेच पहिल्याने उच्चारली. या श्रोत्यांपुढे चिन्हांचे जंजाळ चालणार नव्हते. म्हणून त्यांनी एकदा व्याख्यानगृहाच्या जमिनीवर दहा हजार पेनी ओतल्या आणि श्रोत्यांना छाप किती व काटा किती ते मोजावयास सांगितले. स्वतः त्यांनी एक नाणे चोवीस हजार वेळा उडवून १२,०१२ वेळा छाप पडल्याची नोंद केली आहे. चोवीस हजार वेळा नाणे उडविणारा मनुष्य रिकामटेकडा असला पाहिजे असे कोणासही वाटेल. पण शक्यतेचे गणित खऱ्या जगात लागू पडते की पुस्तकातच राहते, याची खातरजमा करण्याचा याहून सरळ मार्ग दुसरा नव्हता.

ही खातरजमा दर वेळी गोडच निघाली असे नाही. मोंटे कार्लोच्या जुगारखान्यातील रूलेटचे निकाल एका स्थानिक वृत्तपत्रात छापून येत. पिअर्सन यांनी ते जमवून तपासले. तांबडे आणि काळे यांची एकूण बेरीज ठीक होती, परंतु एकच रंग लागोपाठ किती वेळा यावा याचे प्रमाण गणिताशी मुळीच जुळेना; ज्या प्रमाणात ते बिघडलेले होते ते योगायोगाने व्हावे अशी शक्यता नाममात्रही उरत नव्हती. १८९४ साली एका मासिकात हे सर्व प्रसिद्ध करून त्यांनी थट्टेने सुचविले, की फ्रेंच सरकारने हा जुगारखाना बंद करावा आणि शिल्लक रक्कम शक्यतेच्या शुद्ध गणिताच्या प्रयोगशाळेसाठी विद्वत्परिषदेच्या हवाली करावी. वृत्तपत्राच्या वार्ताहरांनी चक्राजवळ ताटकळत बसण्यापेक्षा आकडे मनानेच लिहून काढले असावेत, हा तर्क मागाहून पुष्कळांनी केला. तो खरा असेल तर मनुष्याच्या बनावटीचा एक ठळक दाखलाच म्हणावयाचा, कारण मनाने यदृच्छा लिहू लागलेला मनुष्य एकच रंग लागोपाठ पाच वेळा लिहावयास कचरतो, चक्र मात्र कचरत नाही.

जुळते की जुळत नाही हे म्हणावयाचे कशाच्या आधारे? दहा हजारांत पाच-पन्नासांचा फरक पडला तर तो योगायोग समजावा की मूळ गृहीतच चुकले असे समजावे? १९०० साली पिअर्सन यांनी जी काय-वर्ग कसोटी दिली ती या प्रश्नाचे उत्तर आहे, आणि माझ्या मते त्यांच्या साऱ्या आयुष्यातील मोठ्यात मोठी कमाई हीच आहे. तिचे उदाहरणही वेल्डन यांनीच पुरविले. त्यांच्याकडे बारा फासे २६,३०६ वेळा टाकल्याची नोंद होती. दर फेकीत पाच किंवा सहा दाखविणारे फासे किती ते मोजलेले होते. फासे निर्दोष असतील तर बरोबर चार फाशांवर पाच किंवा सहा येण्याच्या फेकी ६,२७३ असाव्यात, झाल्या ६,११४. पाच फाशांवर येण्याच्या फेकी ५,०१८ असाव्यात, झाल्या ५,१९४. रीत अशी: अपेक्षित आणि प्रत्यक्ष यांतील फरक घ्यावा, त्याचा वर्ग करावा, अपेक्षित संख्येने भागावे. पहिल्या सदराचे उत्तर सुमारे ४.०३ येते, दुसऱ्याचे ६.१७. अशी सर्व सदरांची बेरीज पिअर्सन यांनी ४३.८७ काढली, आणि फासे निर्दोष असताना एवढी किंवा याहून मोठी बेरीज केवळ योगायोगाने येण्याच्या विरुद्ध ६२,४९९ ला एक अशी पैज पडते असा निकाल दिला. फाशांत खोट होती. कारण उघड होते: फाशांवरील ठिपके कोरून काढलेले असल्यामुळे पाच आणि सहा यांच्या बाजूंची वस्तू अधिक खरवडली जाते, त्या बाजू हलक्या होतात आणि वर येण्याकडे त्यांचा कल होतो. उघड्या डोळ्यांना हा दोष कधीच दिसला नसता. हिशेबाने तो रंगेहाथ पकडला.

आणखी एक प्रश्न त्यांच्याकडे हिंदुस्थानच्या डासांवरून आला. मलेरियाचा जंतू डासांत असतो हे सिकंदराबादेस १८९७ साली सिद्ध करणारे रोनल्ड रॉस यांना पुढे व्यवहाराची चिंता पडली: एखाद्या वस्तीभोवतीची डबकी ठराविक अंतरापर्यंत बुजविली, तरी बाहेरचे डास भटकत भटकत आत किती येतील? पिअर्सन यांनी डासाच्या जागी मनुष्य कल्पिला. तो एका ठिकाणाहून निघतो, सरळ रेषेत ठराविक यार्ड चालतो, मग कोणत्याही दिशेला वळून पुन्हा तेवढेच चालतो. अशा अनेक टप्प्यांनंतर तो मूळ स्थानापासून किती दूर असेल? २७ जुलै १९०५ च्या ‘नेचर’ साप्ताहिकात त्यांनी हा प्रश्न वाचकांपुढे टाकला. आठवड्यातच लॉर्ड रॅले यांचे पत्र आले, की ध्वनिकंपनांच्या संदर्भात हा हिशेब आपण १८८० सालीच केलेला आहे. पिअर्सन यांनी मोकळ्या मनाने आभार मानले आणि उत्तराचे तात्पर्य सांगितले: मोकळ्या रानात मद्यधुंद मनुष्याला शोधावयाचे असेल तर तो जेथून निघाला त्याच्या आसपास पाहावे. आज शेअरबाजारापासून रेणूंच्या हालचालीपर्यंत सर्वत्र संचार करणाऱ्या या कल्पनेचे ‘रँडम वॉक’ हे नाव पिअर्सन यांच्या जुलैमधील त्या पहिल्या पत्रात प्रथम छापले गेले.

त्यांच्या प्रयोगशाळेत हाताने फिरवावयाची ब्रुन्सविगा नावाची गणकयंत्रे दिवसभर घरघरत असत. आणि त्यांच्या मुठी फिरविणाऱ्यांत स्त्रियांची संख्या त्या काळाच्या मानाने लक्षणीय होती. ॲलिस ली या बाई कवट्यांचे घनफळ आणि बुद्धी यांचा संबंध तपासत होत्या. डोक्याच्या बाह्य मापांवरून घनफळ काढण्याचे सूत्र त्यांनी बसविले आणि ते १८९८ साली डब्लिन येथे जमलेल्या शारीरशास्त्रज्ञांच्या डोक्यांना लावले. तेव्हा त्या मेळाव्यातील अत्यंत नामवंत पंडितांपैकी एकाची कवटी यादीच्या तळाशी जाऊन बसली. मोठी कवटी म्हणजे मोठी बुद्धी, आणि म्हणून स्त्रियांना बुद्धी कमी, असे म्हणणाऱ्यांची त्या दिवसानंतर पंचाईत झाली असल्यास नवल नाही. १९०३ मध्ये पिअर्सन आणि ली यांनी १,०७८ पितापुत्रांच्या उंचीचा तक्ता छापला; त्यात मुलांची सरासरी बापांपेक्षा सुमारे एक इंचाने अधिक असून दोहोंमधील सहसंबंध सुमारे अर्धा निघाला. हा तक्ता आजही विद्यार्थ्यांपुढे ठेवतात. १९०१ साली वेल्डन आणि गॉल्टन यांच्या साह्याने निघालेले ‘बायोमेट्रिका’ हे नियतकालिक पिअर्सन यांनी मरेपर्यंत चालविले, आणि लंब्याचौड्या फलांचे कोष्टकग्रंथ एकामागून एक सिद्ध केले. सैन्यातील विषमज्वराच्या लशीवर १९०४ साली त्यांच्याकडे सरकारी काम आले, तेव्हा दक्षिण आफ्रिका आणि हिंदुस्थान येथील गोऱ्या शिपायांचे वेगवेगळे आकडे एकत्र तोलून त्यांनी सांगितले, की पुरावा परस्परांशी मिळत नाही, सक्ती करण्यापूर्वी नीट आखलेली चाचणी घ्यावी. लस शोधणारे आल्मरॉथ राइट संतापले. जाहीर वाद झाला.

येथवर वाचणाऱ्यास हा मनुष्य केवळ पुराव्याचा उपासक वाटेल. तसा तो नव्हता, आणि चरित्रलेखकाने येथे हात आखडता घेणे हे लबाडीचे होईल. गॉल्टन यांच्या मृत्युपत्रातील देणगीतून १९११ मध्ये सुप्रजाजननशास्त्राचे नवे आसन निर्माण झाले आणि त्यावर पिअर्सन बसले; जगातील विद्यापीठांमधला संख्याशास्त्राचा पहिला स्वतंत्र विभाग त्याच वर्षी, त्याच पैशाच्या टेकूवर उभा राहिला. मनुष्याचे गुणदोष रक्तातूनच येतात, परिस्थितीचा भाग नगण्य आहे, तेव्हा राष्ट्राने कोणी प्रजा वाढवावी आणि कोणी वाढवू नये याचा विचार केला पाहिजे, हे त्यांचे मत पुराव्याच्या आधीच पक्के झालेले होते. मद्यपी आईबापांची मुले इतरांपेक्षा ठळकपणे कमी प्रतीची नसतात असे त्यांनी १९१० साली एथेल एल्डर्टन यांच्यासह मांडले, तेव्हा दारूबंदीवाले खवळले आणि अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी तुलनेसाठी घेतलेल्या कुटुंबांच्या निवडीवरच बोट ठेवले. परंतु खरी काळिमा १९२५ सालच्या निबंधाची आहे. पोलंड आणि रशिया येथून लंडनच्या पूर्व भागात आश्रयास आलेल्या ज्यू कुटुंबांच्या शाळकरी मुलांची मापे घेऊन, ही मुले सरासरीने शरीराने आणि बुद्धीने स्थानिकांहून कमी आहेत, तेव्हा अशांना देशात घेऊ नये, असा निष्कर्ष त्यांनी आणि मार्गारेट मूल यांनी काढला. दारिद्र्य, परकी भाषा, गर्दीची घरे यांचा हिशेब त्यांनी मांडला खरा, पण मांडला तो असा की परिणाम नाही हेच उत्तर यावे. फाशांची खोट शोधून काढणाऱ्या डोळ्याला स्वतःच्या गृहीताची खोट दिसली नाही. पुढे दहा-पंधरा वर्षांतच युरोपात याच जातीच्या विचारांनी काय अनर्थ केला हे वाचकांस सांगावयास नको.

अधिकाराला न जुमानणाऱ्या मुलाचा पुढे स्वतःच अधिकारपीठ बनलेला वृद्ध झाला, याचा अनुभव शास्त्राच्या प्रांतातही अनेकांना आला. १९२२ साली रोनल्ड फिशर या तरुणाने दाखवून दिले, की काय-वर्ग कसोटी वापरताना मोकळ्या सदरांची गणती पिअर्सन चुकीची करतात. दोन ओळी आणि दोन स्तंभांच्या तक्त्यात ती तीन धरतात, धरावयास पाहिजे एक. पिअर्सन यांनी आपल्या नियतकालिकात त्याची तुलना पवनचक्कीवर भाला उगारून धावणाऱ्या डॉन किहोटेशी करून वाद मिटला असे जाहीर केले. वाद मिटला नव्हता. पिअर्सन यांचे चिरंजीव एगॉन यांनी अन्य हेतूने यदृच्छेने तयार केलेले सुमारे बारा हजार चौकोनी तक्ते प्रसिद्ध झाले होते. १९२६ साली फिशर यांनी तेच उचलून त्यांच्या काय-वर्गांची सरासरी काढली. ती तीन असावयास हवी होती, निघाली जवळजवळ नेमकी एक. बापाच्या चुकीवर मुलाच्याच आकड्यांनी शिक्कामोर्तब झाले, आणि तेही बापाने शिकविलेल्याच रीतीने, म्हणजे प्रत्यक्ष मोजून. पिअर्सन यांनी चूक कबूल केली नाही.

१९३३ साली ते निवृत्त झाले तेव्हा कॉलेजने त्यांच्या एका आसनाचे दोन तुकडे केले. सुप्रजाजननाचे आसन फिशर यांस आणि संख्याशास्त्राचा विभाग एगॉन यांस दिला. एकाच इमारतीत दोन मजल्यांवर दोन संप्रदाय नांदू लागले, आणि चहाची खोली एकच असल्यामुळे एका गटाने चार वाजता चहा घ्यावा व तो निघून गेल्यावर दुसऱ्याने साडेचारला यावे अशी तडजोड झाली असे सांगतात. वृद्ध पिअर्सन अंगणापलीकडच्या एका खोलीत आपले नियतकालिक घेऊन बसले. तेथे त्यांनी जी कामे केली त्यांत १९३४ मध्ये सहकारी मोरंट यांच्यासह लिहिलेला एक प्रदीर्घ निबंध आहे: एका घराण्याने जपून ठेवलेले मसाला भरलेले शिर ऑलिव्हर क्रॉमवेलचेच काय, या प्रश्नावर चित्रे, मुखवटे आणि मापे यांचा मेळ घालून त्यांनी ते त्याचेच असल्याचा कौल दिला. १९२० साली सरकारने देऊ केलेला किताब त्यांनी नाकारला होता, आणि १९३५ साली आलेली सर पदवीही नाकारली. तरुणपणच्या समाजवादाचा एवढा अंश शेवटपर्यंत शिल्लक होता. २७ एप्रिल १९३६ रोजी ते सरे परगण्यात वारले. २०२० साली त्याच कॉलेजने सुप्रजाजननाच्या त्या इतिहासाची चौकशी करून इमारतीवरील त्यांचे नाव उतरविले. माझ्या मते ते योग्यच झाले, आणि नाव उतरविल्याने काय-वर्गाच्या सूत्रात एक अक्षरही बदललेले नाही.

आपल्या देशाशी या गावर स्ट्रीटचा संबंध दोन वाटांनी आला. केंब्रिजला शिकणारे प्रशांतचंद्र महालनोबीस १९१५ साली मायदेशी निघण्याच्या बेतात असताना एका अध्यापकाने त्यांना ‘बायोमेट्रिका’चे खंड दाखविले, महायुद्धामुळे बोट लांबली होती, तेव्हा त्यांनी सगळा संच विकत घेतला आणि प्रवासात वाचून काढला. भौतिकशास्त्राचा हा प्राध्यापक त्यातून संख्याशास्त्राकडे वळला, १९२७ मध्ये काही महिने पिअर्सन यांच्या प्रयोगशाळेत राहिला, आणि मानववंशांतील साम्य मोजण्याच्या पिअर्सन यांच्याच गुणांकातील उणीव दाखवून त्याने स्वतःचे निराळे अंतर-माप सिद्ध केले. दुसरी वाट महाराष्ट्रातून गेली. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून पदवी घेऊन १९३३ साली युनिव्हर्सिटी कॉलेजात दाखल झाले, म्हणजे नेमके आसनाचे दोन तुकडे झाले त्याच साली. आणि १९३६ मध्ये डॉक्टर होऊन ते परतले.

पुढे हे दोघेही एका अगदी मातीतल्या प्रश्नावर समोरासमोर आले. पिकाचे उत्पन्न अजमावण्यासाठी शेतातील किती जागेवरील पीक कापून तोलावे? महालनोबीस यांचा कल लहान वर्तुळांकडे होता, कारण ती थोड्या खर्चात पुष्कळ ठिकाणी घेता येतात. दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत काम करणाऱ्या सुखात्मे यांनी प्रयोगांवरून दाखविले, की वर्तुळ जितके लहान तितका त्याच्या परिघावरच्या रोपांचा वाटा मोठा, आणि कापणारा मनुष्य काठावरचे रोप नकळत आत ओढतो, त्यामुळे उत्पन्नाचा अंदाज फुगतो. १९४६ साली ‘नेचर’मध्ये त्यांनी ही गोष्ट मांडली. परिषदेच्या पाहण्यांत वापरलेला तुकडा तेहतीस फूट लांब आणि साडेसोळा फूट रुंद, म्हणजे एकराचा ऐंशीवा भाग असे. आज महाराष्ट्रात हंगामाच्या अखेरीस सरकारी कर्मचारी पीक कापणी प्रयोगासाठी शेतात दोरी आणि खुंट्या घेऊन उतरतात, आणि ज्या उत्पन्नावर पीकविम्याची भरपाई ठरावयाची असते ते तोलतात, तेव्हा बहुतेक पिकांसाठी ते आखून घेतात तो तुकडा दहा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद असतो.